कोसंबींची चार पानं

धारवाडच्या सुभाष रोडवर लक्ष्मी भवनाच्या माडीवर ‘मनोहर ग्रंथमाले’चं ऑफिस आहे. गाव त्याला ‘अट्ट’ म्हणतं, म्हणजे माळा. जी. बी. जोशींनी १९३३ साली ही प्रकाशनसंस्था सुरू केली. पुढे कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा वाचक तिला लाभला. हस्तलिखित छापायच्या लायकीचं आहे की नाही, याचा निकाल तिथे ते वाचून आणि त्यावर वाद घालून लागायचा. गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’ १९६१ साली इथूनच बाहेर पडलं. लेखक पंचविशीच्या आतला, पदवी धारवाडच्याच कर्नाटक कॉलेजची आणि तीही गणित-संख्याशास्त्राची. नाटककार म्हणून नावावर काहीही नाही. आजच्या विद्यापीठी भाषेत सांगायचं तर एच-इंडेक्स शून्य.

त्याच गावात छोटा महाबळेश्वर नावाच्या टेकडीवर कर्नाटक विद्यापीठ आहे आणि तिथे मोजायची रीत वेगळी आहे. गेली काही वर्षं ‘जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी जाहीर झाली की देशभरातली वर्तमानपत्रं आपापल्या जिल्ह्यातली नावं शोधून छापतात. धारवाड-हुबळीची वर्तमानपत्रंही छापतात, आणि त्यांना शोधायला फार कष्ट पडत नाहीत. कर्नाटक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात घडलेले पॉलिमर-शास्त्रज्ञ तेजराज अमीनभावी यांच्या लेखांचा उल्लेख जगभरच्या संशोधकांनी अक्षरशः हजारो वेळा केला आहे. एका माणसाच्या लेखाला इतरांनी किती वेळा हवाला दिला ते मोजायचं, त्या बेरजांवरून विषयातल्या माणसांची रांग लावायची, अशी ही पद्धत. ती टेकडीवर कशी पोचली, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिच्यात मराठी माणसं जागोजागी भेटतात.

सुरुवात रँग्लरांपासून करायला हवी. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत आणि या रँग्लरांची गुणानुक्रमे यादी सिनेट हाउसमध्ये जाहीर वाचून दाखवली जाई. पहिला तो सीनिअर रँग्लर. १८९९ साली दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर झाले. जागा जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून होती, पण महाराष्ट्राला त्याच्याशी काय देणंघेणं? राज्यकर्त्यांच्या घरात जाऊन त्यांच्याच मुलांना कोकणातल्या पोरानं मागे टाकलं, एवढं पुरेसं होतं. ‘रँग्लर’ हे मराठीत नावाआधी लावायचं बिरुद झालं. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. धारवाडच्या विद्यापीठाला आकार देणारे डी. सी. पावटे हेही रँग्लरच. मुंबई राज्याचे शिक्षण संचालक होते, १९५४ ते १९६७ कुलगुरू राहिले आणि मग पंजाबचे राज्यपाल झाले. विद्यापीठाच्या परिसराला आज पावटेनगर म्हणतात.

या क्रमवारीची गंमत अशी की तिनं गणित निवडलं नाही, परीक्षा निवडली. १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, दुसरे आले. १८५४ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरे. १८८० साली जे. जे. थॉमसन दुसरे. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीनं सीनिअर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळवले, पण बायकांना क्रमांक देत नसत, म्हणून तिचा क्रमांक ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असा वाचला गेला. १८९८ चे चौथे रँग्लर जी. एच. हार्डी या प्रकाराला इतके वैतागले होते की बदल मागणाऱ्यांत ते पुढे होते. शेवटी १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणंच बंद झालं. इकडे मराठी समाजात मात्र रँग्लरची पुण्याई पुढची पन्नास वर्षं टिकली. पावटे केंब्रिजला गेले तेव्हा गुणानुक्रम जाहीर करणं थांबलेलंच होतं, तरी बिरुद चालूच राहिलं.

तरीही त्या यादीची एक गोष्ट नाकारता येत नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुर्डी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. आकड्याला जातगोत नसतं, ही आशा आपल्याकडच्या प्रत्येक क्रमवारीच्या मुळाशी आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

सायटेशन, म्हणजे हवाले, मोजण्याचा उगम मात्र परीक्षेत नाही, वकिलीत आहे. १८७३ साली शिकागोच्या फ्रँक शेपर्डनं वकिलांसाठी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायला सुरुवात केली. जुन्या निकालपत्राच्या समासात चिठ्ठी चिकटवायची. नंतरच्या कोणत्या खटल्यात या निकालाचा आधार घेतला गेला, कुठे तो फिरवला गेला, ते तिच्यावर लिहिलेलं असे. निवाडा अजून जिवंत आहे की मेला, हे वकिलाला कोर्टात उभं राहण्याआधी कळावं, एवढाच हेतू. किती वेळा आधार घेतला याला महत्त्व नव्हतं; कसा घेतला याला होतं. पुढे विज्ञानानं ही युक्ती उचलली तेव्हा नेमकी हीच बाजू गळून पडली.

दुसरी शाखा ग्रंथपालांची. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा लेख लिहिला. छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाकडे पैसा कमी, मग रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातल्या तळटीपांत कोणत्या नियतकालिकांची नावं किती वेळा येतात ते मोजलं. हा खरेदीचा प्रश्न होता. जे मागितलं जातं ते कपाटात ठेवायचं, हे कोणत्याही पुस्तकविक्रेत्याला माहीत असलेलं शहाणपण त्यांनी तळटीपांवरून सिद्ध केलं. माणसाची प्रत त्यावरून ठरवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

याच सुमारास धर्मानंद कोसंबींचा मुलगा अमेरिकेतून परत आला. वडील पालीचे नामांकित पंडित, गोव्याचे. दामोदरचा जन्म १९०७ चा, तोही गोव्यातलाच. शिक्षण बरंचसं अमेरिकेत, हार्वर्डची पदवी १९२९ ची. आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला त्यांना आंद्रे वेई हा तरुण फ्रेंच गणिती सहकारी म्हणून भेटला, आणि त्याच्या फुशीनं कोसंबींनी १९३१ साली संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिनात एक टिपण छापलं. शीर्षक होतं बोर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाच्या सामान्यीकरणाबद्दल. हा बोर्बाकी म्हणे क्रांतीत मारला गेलेला एक रशियन गणिती. असा माणूस कधी नव्हताच. विभागातल्या एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी केलेली ही थट्टा होती. पुढे चार वर्षांत पॅरिसमध्ये वेई आणि त्याच्या मित्रांनी निकोला बोर्बाकी या नावानं गणिताची ग्रंथमालाच लिहायला घेतली आणि ते नाव अजरामर झालं. पण छापील गणितात बोर्बाकीचा पहिला हवाला, अस्तित्वात नसलेल्या माणसाला दिलेला हवाला, एका गोवेकराच्या हातचा आहे. सायटेशन ही पवित्र वस्तू नाही, माणसांतला व्यवहार आहे आणि त्यात थट्टाही चालते, हे आजच्या मूल्यमापन समित्यांना सांगायला हरकत नाही.

अलीगढहून कोसंबी पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले. रँग्लरांच्या या कॉलेजात त्यांनी १९४५ पर्यंत गणित शिकवलं. वेतन बेताचं, वर्गातल्या पोरांना ते कठीण वाटत, आणि डोकं चहूकडे धावायचं: भूमिती, नाणी, भर्तृहरी, संख्याशास्त्र. याच काळात त्यांनी दोन लेख लिहिले आणि आपल्या गोष्टीचा गाभा या दोन लेखांत आहे.

पहिला १९४३ सालचा, ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’तला. आकड्यांऐवजी सबंध वक्रांचं संख्याशास्त्र कसं मांडावं, हा त्याचा विषय. गोंगाटानं भरलेला संकेत थोड्याशा, एकमेकांशी असंबंधित घटकांत कसा फोडायचा, याची किल्ली त्या तेरा पानांत आहे. १९४७ साली फिनलंडचे कारुनेन आणि त्यानंतर लगोलग फ्रान्सचे लोएव्ह याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोचले. पद्धतीला त्यांची नावं लागली. चेहरे ओळखणाऱ्या संगणकापासून चित्रं दाबून साठवण्यापर्यंत आणि वाऱ्याच्या खळबळीपर्यंत ती सगळीकडे वापरली गेली. कोसंबींना कुणी हवाला दिला नाही, कारण पुण्यातला लेख भारतीय नियतकालिकात होता आणि तो बाहेर फारसा कुणी वाचला नव्हता. कितीतरी दशकांनी रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या शास्त्रज्ञानं हा अग्रहक्क दाखवून दिला. आता काही पुस्तकांत ‘कोसंबी-कारुनेन-लोएव्ह’ असं तिहेरी नाव दिसतं. तोवर कोसंबींना जाऊन दशकं लोटली होती.

दुसरा लेख चार पानांचा. ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’च्या बाराव्या खंडात पान १७२ ते १७५. संपादक होते आर. ए. फिशर. विषय होता जनुकांमधली अंतरं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. संततीत ती किती वेळा फुटून वेगळी झाली त्यावरून अंदाज बांधायचा. फुटण्याचं प्रमाण आणि खरं अंतर यांत मात्र सरळ हिशेब नसतो, कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जनुकं पुन्हा एकत्र येतात आणि फूट दिसतच नाही. जे. बी. एस. हाल्डेननी १९१९ साली यासाठी एक सूत्र दिलं होतं, पण त्यात एका जागची अदलाबदल दुसऱ्या जागेवर काहीच परिणाम करत नाही असं गृहीत होतं. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींनी ही अडवणूक सूत्रात बसवली. फरक किती पडतो? संततीत ३० टक्के फूट दिसली तर हाल्डेनच्या सूत्रानं अंतर सेंटिमॉर्गन या एककात सुमारे ४५.८ येतं, कोसंबींच्या सूत्रानं ३४.७. ज्याला नकाशा काढायचाय त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

चाळीसेक वर्षं हे सूत्र पाठ्यपुस्तकांत होतं आणि वापरणारे मोजके होते. १९८० नंतर डीएनएवरच्या खुणा पकडण्याचं तंत्र आलं, १९८७ साली ‘मॅपमेकर’ ही संगणक-प्रणाली आली, आणि नकाशा काढणाऱ्याला प्रणाली विचारू लागली: हाल्डेन की कोसंबी? तेव्हापासून गहू, भात, टोमॅटो, भुईमूग, कोणत्याही पिकाचा नकाशा छापताना ‘पद्धती’च्या परिच्छेदात कोसंबींचं नाव येतं. या चार पानांना आज हजारोंनी हवाले आहेत. त्यांत ज्यांनी मूळ पानं उघडून पाहिली असतील असे किती, याबद्दल माझी शंका तुम्ही समजू शकाल. खंड १९४३ ते १९४५ असा पसरलेला असल्यामुळे कुणी वर्ष १९४३ लिहितं, कुणी १९४४. मोजणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे लेख वाटू शकतात.

फर्ग्युसनमधल्या एका माणसाच्या दोन लेखांचं असं झालं. यातला एक गणिताचा पाया ठरू शकेल असा, तो हवाल्याविना राहिला. दुसरा सुबक आणि उपयोगी, तो दुसऱ्याच विषयात, अर्ध्या शतकानं, एका संगणक-प्रणालीच्या कृपेनं हजारांत गेला. इतिहासकार कोसंबींची तर या मोजणीत जागाच वेगळी. मराठी वाचक ओळखतो तो त्या कोसंबींना.

धारवाडच्या कृषी विद्यापीठात हे सूत्र रोजच्या कामातलं आहे. हे विद्यापीठ १९८६ सालचं, पण तिथलं संशोधन केंद्र त्याहून बरंच जुनं. भुईमुगाचा तांबेरा आणि पानांवरचे टिक्के यांना दाद न देणारी ‘जीपीबीडी-४’ ही जात इथली. तिचा संकर ‘टीएजी-२४’शी करून, म्हणजे तुर्भे आणि अकोला यांच्या नावानं निघालेल्या जातीशी करून, रोगप्रतिकारक जनुकांचा मागोवा घेणारा अभ्यास इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेच्या सहकार्यानं २०१० साली प्रसिद्ध झाला. अशा कामाची अंतरं सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात, आणि तिथे फर्ग्युसनच्या त्या प्राध्यापकाचं नाव ठरलेलं असतं.

पण याच आवारातली सगळ्यात मोठी कामगिरी कुठल्याही सायटेशन-यादीत सापडणार नाही. बी. एच. कतारकी यांनी धारवाडला लक्ष्मी या देशी लागवडीतल्या कापसाचा संकर लांब धाग्याच्या परक्या प्रजातीशी करून १९७२ साली ‘वरलक्ष्मी’ दिली. दोन वेगळ्या प्रजातींमधला, शेतकऱ्यांच्या हाती पडलेला हा पहिला संकरित कापूस. १९८१ मध्ये ‘जयलक्ष्मी’ ऊर्फ ‘डीसीएच-३२’ आली. त्यातला ‘डी’ धारवाडचा. या वाणांचं बी हातानं परागीकरण करून तयार करावं लागे आणि त्या कामानं धारवाड-हावेरी भागात कितीतरी घरं चालली. कर्नाटकाबाहेरही हा कापूस गेला. कापूस पेरणारा माणूस तळटीप लिहीत नाही. कतारकींच्या कामाचा हवाला एकरांत मोजावा लागेल, आणि त्याचा स्तंभ कोणत्याच अर्जात नाही.

आता अमेरिकेकडे परत. यूजीन गारफिल्ड हा रसायनशास्त्र शिकलेला, पण प्रयोगशाळेत फारसा न रमलेला तरुण वैद्यकीय संदर्भसूचींच्या प्रकल्पात काम करत होता. १९५३ साली शेपर्डच्या कंपनीतल्या विल्यम अ‍ॅडेअर या निवृत्त अधिकाऱ्यानं त्याला वकिलांच्या त्या चिठ्ठ्यांबद्दल पत्र लिहिलं. १९५५ साली गारफिल्डनं ‘सायन्स’मध्ये विज्ञानासाठी तशीच सूची हवी असं मांडलं. त्याचा मुख्य युक्तिवाद वाचण्यासारखा आहे: चुकीचे, जुने झालेले, खोटे निष्कर्ष लोक डोळे झाकून उद्धृत करतात, ते टळावं म्हणून. म्हणजे हेतू शेपर्डचाच होता, लेख जिवंत आहे की मेला ते कळावं. आधी १९६३ मध्ये नमुन्यादाखल निघाली ती आनुवंशशास्त्राची सूची, म्हणजे कोसंबींचं ते सूत्र जिथे वापरलं जात होतं तोच विषय. मग १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांमधले १४ लाख हवाले भरलेले ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे पाच जाडजूड खंड आले. त्यात हवाला मिळाला एवढंच नोंदलं जाई. स्तुती की खंडन, हे नाही.

पुढचं तुम्हाला ओळखता येईल. खंड विकायचे तर काही उपयोग दाखवायला हवा, आणि माणसांची नावं ज्यात मोजता येतात असा खंड एकदा तयार झाला की ती मोजायचा मोह कोण आवरणार? गारफिल्डनं स्वतःच सर्वाधिक हवाले मिळालेल्या शास्त्रज्ञांच्या याद्या छापायला सुरुवात केली, नोबेल कोणाला मिळेल याचे अंदाज बांधले. नियतकालिक निवडीसाठी काढलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ त्यात छापणाऱ्या माणसाला लावला जाऊ लागला. आणि २००५ साली कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सगळ्यांना पाठ होईल असा एक आकडा दिला. तुमच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस हवाले असतील तर तुमचा एच वीस. एका लेखाला दहा हजार आणि बाकीच्यांना शून्य असतील तर एच एक. ‘फिजिक्स अँड सोसायटी’त २०२० मध्ये खुद्द हिर्श यांनीच लिहिलं की या आकड्याचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. अर्ज भरणाऱ्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

दोन टक्क्यांची यादी २०१९ पासूनची. वर्तमानपत्रं तिला ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणतात, ती त्या विद्यापीठाची नाही. जॉन आयोनिडिस हे तिथले प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी स्कोपस या डेटाबेसवरून ती बांधली. तिच्यात सहा आकड्यांचा मिळून एक गुण काढतात: एकूण हवाले, एच, सहलेखकांचं ओझं वजा केलेला एच, आणि एकट्यानं, पहिल्या किंवा शेवटच्या क्रमांकानं लिहिलेल्या लेखांचे हवाले. स्वतःलाच दिलेले हवालेही वेगळे काढून दाखवतात. माझ्या मते आजवरच्या याद्यांत हीच त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, कारण तिचे रकाने उघडे आहेत. पण छापून येतं ते नाव आणि क्रमांक. रकाने कुणी छापत नाही.

अमीनभावींचे रकाने पाहिले तर धारवाडची हकिकत उलगडते. त्यांच्या सहलेखनातले सर्वात जास्त हवाले मिळालेले लेख म्हणजे ‘जर्नल ऑफ कंट्रोल्ड रिलीज’मधले दोन आढावे: औषध शरीरात हळूहळू सोडणाऱ्या, विरून जाणाऱ्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांवरचा २००१ चा आणि कायटोसान या झिंगा-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या द्रव्यावरचा २००४ चा. दोघांनाही हजारोंनी हवाले आहेत. आढावा लिहिणं म्हणजे शेकडो लेख वाचून विषयाचा रस्ता झाडून देणं, आणि नव्यानं येणारा प्रत्येकजण तिथूनच आत शिरतो. जगातल्या कोणत्याही शाखेत आढाव्यांना मूळ प्रयोगापेक्षा जास्त हवाले मिळतात, हे सर्वश्रुत आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. धारवाडसारख्या गावी, परदेशी उपकरणांची रेलचेल नसताना, एका विषयाचा आढावा जगानं प्रमाण मानावा असा लिहिणं हे वाचनाचं कर्तृत्व आहे. सुभाष रोडच्या माडीवर चालायचं त्याच जातीचं. यंत्र मात्र आढावा आणि शोध यांत भेद करत नाही.

महाराष्ट्रात ही मोजणी पोचली तेव्हा तिचा आणखी एक अवतार झाला. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ गुण आणले. रेफरीड नियतकालिकातल्या लेखाला १५ गुण, इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वर भर. हेतूत वाईट काही नव्हतं. निवड समितीत कोणाचा माणूस कोण, यावर नेमणुका होतात ही तक्रार जुनी आणि खरी होती. आकडा आला की वशिला कमी होईल, ही मुर्डीच्या पोराचीच आशा. परिणाम असा झाला की पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी-क्रमांक मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात झळकू लागला. मराठी साहित्यावरची नियतकालिकंही त्यातून सुटली नाहीत. २०१७ साली आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तिच्यातच विद्यापीठांच्या शिफारशीनं अशी हजारो घुसली.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या यादीची झाडाझडती घेतली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ नियतकालिकांमधून १,३३६ यादृच्छिकपणे उचलली, त्यातली नामांकित डेटाबेसमधली ३२७ बाजूला काढली आणि उरलेली १,००९ तपासली. ३४.५ टक्क्यांचा पत्ता, संपादकांची नावं, संकेतस्थळ अशी प्राथमिक माहितीच चुकीची किंवा गायब. आणखी ५२.३ टक्क्यांची माहिती खोटी: खोटा आयएसएसएन, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर. लेख ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आला. मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. त्याच वर्षी पटवर्धन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ नावाची नवी यादी सुरू झाली, तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चालायचं.

‘केअर’लाही नंतर तीच तक्रार भोवली जी प्रत्येक यादीला भोवते. चांगली प्रादेशिक नियतकालिकं बाहेर राहिली, नावाच्या नकला करणारी तोतयी नियतकालिकं निघाली, निर्णय एका टेबलावर एकवटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता प्रत्येक विद्यापीठानं आपापली कसोटी ठरवायची. आयोग फक्त सूचना देणार.

म्हणजे कागदावर तरी माणसं निवडणं पुन्हा वाचणाऱ्याच्या हाती आलं. पण एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, समितीला दोन दिवस मिळतात, आणि नाकारलेला उमेदवार माहिती अधिकारात कारणं मागतो, नाहीतर कोर्टात जातो. ‘आम्ही लेख वाचले आणि आम्हाला हा उजवा वाटला’ हे उत्तर तिथे टिकत नाही. ‘याचा एच अठरा, त्याचा अकरा’ हे टिकतं. धारवाडच्या टेकडीवर काय, पुण्यात काय, तो रकाना एवढ्यात रिकामा होईल असं मला वाटत नाही.